घर पाहावे रेखून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या कोणा गृहस्थाने प्रथम उच्चारली, त्याने ही दोन्ही कार्ये एकाच वर्षात उरकली असली पाहिजेत. एरव्ही इतका कळवळा शब्दांत उतरत नाही. लग्नाच्या बाबतीत त्याच्या म्हणण्यात आजही फरक पडलेला नाही. घराच्या बाबतीत मात्र थोडी सवड मिळाली आहे. बांधण्याआधी घर संगणकावर रेखून पाहता येते, त्याच्या भिंती हलवता येतात आणि पसंत न पडल्यास एकही वीट न फोडता ते पाडताही येते. ही सवड फुकट मिळाली असली तरी ती वापरण्याची अक्कल फुकट मिळत नाही, हे आमच्या घराने आम्हाला शिकविले. ते शिकणे इतरांना स्वस्तात मिळावे, एवढ्यासाठीच हा लेख.

आमचे गाव करडी; भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले. आजूबाजूला धानाची शेते. आमचे जुने घर मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंच्या छपराचे. पुढे सपरी, मग माजघर, मागे सांदवाडी. सपरी म्हणजे पुणेकरांची ओसरी म्हणावी तर म्हणता येईल. पण ओसरीवर पाहुणा बसतो आणि सपरीत सारे घरच बसते. दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागत आणि भिंतींची डागडुजी करावी लागे. शेवटी धाकट्या भावाने ठरविले की, जुन्या घरात राहत असतानाच पुढच्या मोकळ्या आवारात पक्के घर उभे करायचे आणि मग मागचे उतरवायचे. पैसा त्याच्या दहा-बारा वर्षांच्या धानाचा. सल्ला तेवढा माझा. मी मराठीचा प्राध्यापक, तेव्हा माझ्या सल्ल्याची किंमत वाचकांनीच ठरवावी.

नकाशा काढण्याचे काम पुतण्याने अंगावर घेतले. तो अकरावीत आहे. त्याने ‘स्वीट होम थ्रीडी’ नावाचे सॉफ्टवेअर उतरवून घेतले. एमान्युएल प्युबारे या फ्रेंच गृहस्थाने २००६ साली ते प्रथम लोकांपुढे ठेवले आणि ते विनामूल्य वापरता येते. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात आपण जमिनीवरचा नकाशा काढावा आणि खालच्या अर्ध्या भागात तेच घर उभे राहिलेले पाहावे, अशी त्याची रचना. चार दिवसांत पुतण्याने आवाराच्या २४ फूट रुंदीत दोन खोल्या आणि त्यांच्या मधून जाणारी ३ फुटांची वाट अशी ऐटीत बसविली की, आम्ही सारे थक्क झालो. भाऊ म्हणाला, “आता मिस्त्रीले बोलावतो.”

मिस्त्री आला. त्याने सूत धरले, चुन्याची फक्की टाकली, आणि थोड्या वेळाने कमरेवर हात ठेवून शांतपणे म्हणाला, “सर, घर शेजाऱ्याच्या आंगनात चाललं.”

पुढच्या बाजूला सव्वा फूट आणि मागच्या बाजूला सव्वादोन फूट! पुतण्याचा चेहरा पाहवेना. शेजारी भला माणूस, तो हसला. पण गावात हद्दीच्या एका वितीवरून दोन पिढ्यांचे बोलणे बंद झालेली घरे आम्हाला ठाऊक होती. भावाने त्या दिवशी जेवताना एक शब्दही काढला नाही.

रात्री आम्ही दोघे संगणकापुढे बसलो. चूक संगणकाची नव्हती, आमची होती; आणि ती अगदी साधी होती.

भिंतीलाही जागा लागते

पुतण्याने दोन्ही खोल्या आतून दहा-दहा फुटांच्या धरल्या, मधली वाट ३ फुटांची. झाले २३ फूट. उरलेल्या एका फुटात चार भिंती. नवा नकाशा उघडला की भिंतीची जाडी आधीपासूनच तीनेक इंच धरलेली असते, तीच त्याने राहू दिली. चार भिंतींचे बारा इंच, हिशेब चोख! पण आमचा मिस्त्री बाहेरची भिंत ९ इंचांची बांधतो आणि आतली साडेचार इंचांची. दोन बाहेरच्या आणि दोन आतल्या मिळून २७ इंच, म्हणजे सव्वादोन फूट. घर २४ ऐवजी सव्वापंचवीस फुटांचे झाले, पलस्तर निराळेच. तेव्हा पहिली रेघ ओढण्यापूर्वी मिस्त्रीला भिंतीची जाडी विचारावी आणि तीच संगणकाला सांगावी. आधीच काढलेल्या भिंती असतील तर त्या एकत्र निवडून त्यांची जाडी बदलता येते. नकाशा पुन्हा काढावा लागत नाही.

मग मागच्या बाजूचा जादा एक फूट कोठून आला? आम्ही आवाराची रुंदी पुढच्या बाजूला मोजली आणि मागेही तीच असणार असे गृहीत धरले. ती होती २३. गावातली जागा वाटण्यांनी आणि कुंपणांनी घडलेली असते, भूमितीच्या पुस्तकाने नव्हे. चारही बाजू मोजाव्यात आणि दोन्ही कर्णही मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले, तरच जागा काटकोनी. मिस्त्री सुतावर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करून कोपरा काटकोनात आणतो, ती युक्ती घरच्या मुलांनाही दाखवावी. शाळेतला पायथागोरस तेथे प्रत्यक्ष भेटतो.

मीटर, फूट आणि दशांश

दुसरा घोटाळा मापांचा. आपण बोलतो फुटांत आणि पुष्कळ सॉफ्टवेअर उघडते मीटरमध्ये. १० हा आकडा टाकला की पडद्यावर जवळजवळ तेहतीस फुटांची भिंत उभी राहते आणि खुर्च्या मुंग्यांसारख्या दिसू लागतात. मापाचे एकक आरंभीच बदलून घ्यावे. मीटरमध्येच काम करायचे असेल तर एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर हे कागदावर लिहून समोर ठेवावे. त्याहून फसवी चूक दशांशाची. साडेदहा फूट म्हणजे १० फूट ६ इंच. पण ते १०.६ नव्हे, १०.५. दशांश सहा लिहिले तर सव्वा इंच वाढतो, आणि असे चार सव्वा इंच जमले की दाराची चौकट बसत नाही.

कागदावरच्या जुन्या नकाशाचा फोटो घेऊन त्यावर रेघा ओढण्याचीही सोय असते. फोटो बरोबर वरून घ्यावा, तिरपा नको. प्रमाण ठरविताना नकाशातली सर्वांत लांब आणि खात्रीची बाजू निवडावी. लहान बाजू निवडली की तिथली केसभर चूक सबंध घरात पसरते.

खोली भरत नाही, चित्र दिसत नाही

चार भिंतींच्या आत दोनदा टिचकी मारली की खोलीची फरशी आपोआप भरते. ती भरत नसेल तर समजावे की कोठेतरी दोन भिंतींची टोके जुळलेली नाहीत. चित्र मोठे करून कोपरे एकेक तपासावेत आणि सुटलेले टोक ओढून जोडावे. याउलट भिंत आपल्याला हवी तेथे न थांबता शेजारच्या रेषेला जाऊन चिकटत असेल, तर विंडोजच्या संगणकावर ऑल्ट कळ दाबून धरावी. चिकटणे तेवढ्यापुरते थांबते.

खालचे उभे चित्र काळे किंवा कोरे दिसू लागले तर घर बिघडले असे समजू नये. बहुधा संगणकाच्या चित्रयंत्रणेचे ड्रायव्हर जुने असते. ते नवे करून पाहावे. संगणक रखडू लागला तर झुंबरे, झाडे, नक्षीची कपाटे वगळावीत; ही सजावट भिंतींपेक्षा कितीतरी जड असते. फोटोसारखे झळझळीत चित्र सर्वांत शेवटी काढावे. त्याला वेळ लागतो. दररोजचा नकाशा तारीख घालून निराळ्या नावाने जपावा. गावात वीज जाते, आणि माणसाचा विचारही बदलतो. दोन्ही वेळा कालचा नकाशा उपयोगी पडतो.

तयार सामानाच्या यादीतले पलंग आणि मेजे दुसऱ्यांच्या घरची असतात. आपला दिवाण, शिलाईचे यंत्र, धान्याची कोठी, देवघर टेपने मोजून तेवढ्या मापाची साधी खोकी नकाशात मांडावी. दार पूर्ण उघडते का, आणि उघडल्यावर त्यामागे सापडलेल्या माणसाला बाहेर पडता येते का, हे मग दिसते.

ऊन कोठून येते?

नकाशाच्या एका कोपऱ्यात होकायंत्राचे चित्र असते. पुष्कळजण ते शोभेचे समजून सोडून देतात. त्यात उत्तर दिशा नीट फिरवावी आणि आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरावेत. भंडाऱ्याच्या भागात अक्षांश एकवीसच्या आसपास. मग तारीख आणि वेळ बदलून काढलेल्या चित्रात ऊन कोठवर येते ते दिसते. जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर, किंचित उत्तरेला. डिसेंबरमध्ये तोच दक्षिणेकडे निम्म्या आकाशापर्यंत उतरलेला. दक्षिणेच्या भिंतीला लहानसा छज्जा उन्हाळ्यात पुरतो आणि थंडीतले ऊन अडवीत नाही. पश्चिमेचे तिसऱ्या प्रहरचे ऊन मात्र आडवे येते. त्याला छज्जा पुरत नाही.

हे आम्ही पडद्यावर पाहत असताना माझी आई मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहून तिने विचारले, “सपरी काहून नाही दिसत, बाबू?”

पुतण्या म्हणाला, “आजी, आता कोनी सपरी नाही बांधत.”

“मग पश्चिमेचं ऊन कोन अडवीन? अन् पावसाचं पानी कोनीकडं जाईन?”

आमचे आवार पश्चिममुखी आहे. जे आम्हाला होकायंत्र फिरवून तासाभराने कळले, ते तिला न फिरविता ठाऊक होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर पडद्यावर नव्हतेच. संगणकाची जमीन मेजासारखी सपाट असते. २०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुराने या जिल्ह्यात कितीतरी घरांत पाणी आणले; जोते किती उंच हवे, हे तेथल्या भिंतींवरच्या खुणा सांगतात. माती काळी आणि फुगणारी आहे का, पाया किती खोल न्यावा, स्लॅबला सळई किती आणि कॉलम कोठे, हे घर रेखणारे सॉफ्टवेअर सांगत नाही. आधाराविना अधांतरी उभा राहिलेला मजलाही ते विनातक्रार दाखविते! त्यासाठी इंजिनिअरच हवा. नकाशा घेऊन त्याच्याकडे जावे, नकाशा घेऊन त्याला टाळू नये.

पडद्यावर रेघ ओढण्याची ही विद्या तशी तरुणच आहे. १९६३ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्याने ‘स्केचपॅड’ हा प्रबंध सादर केला आणि प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर आकृत्या काढून दाखविल्या. १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ आले, २००० साली ‘स्केचअप’. एके काळी मोठ्या प्रयोगशाळेतच होऊ शकणारी गोष्ट आज करडीतला अकरावीचा मुलगा सपरीत बसून करतो.

हिचा खरा उपयोग मोठ्या बंगल्यांपेक्षा लहान घरांना आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र, स्वयंपाकाच्या जागेसह, २५ चौरस मीटर ठरविले गेले. समजा, बाहेरून बरोबर पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद घर बांधले. ९ इंची भिंतीच त्यातली जवळजवळ ४.४ चौरस मीटर, म्हणजे सत्तेचाळीस चौरस फूट जागा खातात. एवढ्या लहान घरात दार कोणीकडे उघडते यावर एक खाट राहते की जाते. बंगल्यातली चूक शोभेला लागते. घरकुलातली चूक माणसाच्या झोपेला लागते.

आधी जुने घर रेखा

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत मोलाची सूचना. नव्या घरापूर्वी, आज ज्या घरात राहतो ते घर आधी रेखावे. त्यात चूक झाली तर लगेच कळते, कारण खरे घर भोवती उभेच असते.

त्या फजितीनंतर आम्ही हेच केले. पुतण्याने टेप धरली, मी आकडे लिहिले, आई सांगत गेली. मातीची भिंत दीड फूट भरली. पोरगा चकित झाला. इतकी वर्षे त्या भिंतीला टेकून बसला होता, पण ती जाड आहे हे त्याला ठाऊक नव्हते. सपरी सहा फूट खोल निघाली. “इथं पाच मानसं जेवाले बसत,” आई म्हणाली. आम्ही पाच पाट मांडून पाहिले, बरोबर बसले.

नव्या नकाशातून मधली वाट गेली. दोन खोल्या, तीन भिंती, दोन्ही अंगांचे पलस्तर धरून सव्वाबावीस फुटांच्या आत. मागच्या २३ फुटांतही शेजाऱ्याकडे वीतभर जागा सुटते. आणि पुढे, पश्चिमेला, सहा फुटांची सपरी. वर जुन्याच घराचे निवडक कवेलू. मिस्त्रीने पुन्हा फक्की टाकली, तेव्हा शेजारीही सूत धरायला आला होता.

आता मागचे घर उतरले आहे. त्या जागी आईने वांगी लावली आहेत. जुन्या घराचा नकाशा मात्र पुतण्याच्या संगणकात आहे. कधी संध्याकाळी तो उघडून ती नव्या सपरीत बसून पाहते, आणि कोणत्या कोपऱ्यात कोणाचा जन्म झाला ते नातवाला सांगते. त्याने त्या खोल्यांना आता तशी नावेही लिहिली आहेत.