दावणीची घोडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात चार बैलांच्या गाड्यापुढे सुसाट पळणारी घोडी जुन्नर-आंबेगावात कुणी पाहिली नाही? पण उरलेलं वर्ष ती घरच्या दावणीला असते, आणि ते वर्ष फक्त मालकालाच ठाऊक असतं. म्हणूनच तिच्याबद्दल ऐकीव गोष्टी फार.

गैरसमज: घाट नसेल तर घोडी बिनकामाची.
वस्तुस्थिती: सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती थांबवल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली. मधल्या काळातही नवरदेव घोड्यावरून मिरवतच होते. मेंढ्यांमागे फिरणाऱ्या धनगरांचं बिऱ्हाड, भांडी, वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी) आणि नुकती जन्मलेली कोकरंही घोड्याच्याच पाठीवर असतात. भीमेच्या खोऱ्यातला काटक भीमथडी घोडा याच कामांवर टिकला.

गैरसमज: हरभरा जितका जास्त, तितका दम जास्त.
वस्तुस्थिती: घोडं गाईसारखं रवंथ करत नाही. त्याचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं, आणि त्याला ओकताही येत नाही. एकदम भरलेला तोबरा पोटशुळाला आमंत्रण देतो, आणि पोटशूळ जिवावर बेततो. मुख्य आहार चाऱ्याचा. खुराक थोडा थोडा, दोन-तीन वेळा विभागून. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. पाणी रोज २५ ते ५० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

गैरसमज: नाल ठोकताना घोड्याला यातना होतात.
वस्तुस्थिती: खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी, तिथे संवेदना नसते. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद हवाच. खिळा आतल्या नाजूक भागात गेला, तर मात्र घोडी लंगडते. अशा जखमेतून धनुर्वात घोड्यांना चटकन होतो. त्याची लस चुकवू नये.

गैरसमज: घोडं उभ्यानंच झोपतं, जागा कशीही चालते.
वस्तुस्थिती: पायाचे सांधे अडकवून ते उभ्याने डुलकी घेतं. गाढ झोपेसाठी मात्र आडवं व्हावंच लागतं. मावळ पट्ट्यातल्या पावसाळ्यात कोरडी, उंचावरची जागा दिली नाही तर झोप मोडते आणि खूरही सडतात.

गैरसमज: एवढ्या मोठ्या जनावराच्या वाटेला बिबट्या जात नाही.
वस्तुस्थिती: इथल्या उसात बिबट्या नांदतो. शिंगरू त्याला सहज साधतं. घोडी अकरा महिने पोटात वाढवते ते शिंगरू रात्री उघड्यावर बांधू नये. जाळी-दाराचा गोठा हवा.

गैरसमज: घाटातली घोडी तापट, तिला पोरांपासून लांबच ठेवावं.
वस्तुस्थिती: तिला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त थेट पाठीमागचं आणि नाकासमोरचं दिसत नाही. मागून गुपचूप गेलं की ती दचकून लाथ झाडते. पोरांनी आवाज देत खांद्याच्या बाजूने जावं, मोठ्यांच्या देखत खरारा करावा. रोज हाताखालून जाणारी घोडी वरातीच्या बँडलाही बुजत नाही.

यात्रेसाठी घोडी घ्यायची असेल तर तिच्या वेगाआधी तीन गोष्टी पाहाव्यात: वर्षाचा चारा, जवळचा नालबंद आणि घोड्याला हात लावणारा पशुवैद्य.