काउंटर-स्ट्राइकचा दुसरा अवतार

कादंबरीचा दुसरा भाग मनास उतरला नाहीं, तर वाचक पहिला भाग कपाटांतून काढून पुन्हां वाचूं शकतो. नवा भाग निघाला म्हणून जुना नाहींसा होत नाहीं. संगणकावरील खेळांचें मात्र नेहमींच असें नसतें. दिनांक २७ सप्टेंबर २०२३ रोजीं ‘काउंटर-स्ट्राइक २’ हा खेळ प्रसिद्ध झाला, आणि त्याच दिवशीं त्यानें २०१२ सालापासून चालत आलेल्या ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या आपल्या पूर्वजाची जागा घेतली. वाशीम येथें बसून तो जुना खेळ वर्षानुवर्षें खेळलेल्या आम्हां कांहीं मित्रांची त्यामुळें निराशा झाली. ती कां, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

ज्यांस हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडें विवेचन अवश्य आहे. मिन्ह ली व जेस क्लिफ या दोन तरुणांनीं १९९९ मध्यें ‘हाफ-लाइफ’ नांवाच्या दुसऱ्या एका खेळांत फेरफार करून हा प्रथम तयार केला. पांच पांच गड्यांचे दोन पक्ष असतात. एकानें स्फोटक ठेवावयाचें, दुसऱ्यानें तें ठेवूं द्यावयाचें नाहीं. हुतूतूंत बाद झालेला गडी पुन्हां जिवंत होतो. येथें तो फेरी संपेपर्यंत नुसता प्रेक्षक! शिवाय प्रत्येक फेरींत पैसे मिळतात व त्यांतून पुढील फेरीचीं शस्त्रें विकत घ्यावीं लागतात. म्हणून नेमबाजीइतकाच हा काटकसरीचाहि खेळ आहे, आणि आम्हांस त्याची गोडी लागली ती मुख्यतः यामुळेंच.

नव्या अवतारांत या काटकसरीवरच घाव पडला. पूर्वीं सामना ३० फेऱ्यांचा असे व १६ जिंकणारा विजयी होई. आतां तो २४ फेऱ्यांचा असून १३ जिंकल्या कीं पुरे. वरवर पाहतां वेळ वांचला. परंतु प्रत्येक अर्धाच्या आरंभीं केवळ पिस्तुलाची एक फेरी होते. ती जिंकणाऱ्याजवळ पैसा सांचतो व पुढील एक-दोन फेऱ्या बहुधा त्याच्याच पदरांत पडतात. सोळांपैकीं तीन गेल्या तर त्या भरून काढण्यास अवसर असे. तेरांपैकीं तीन म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा.

दुसरी गोष्ट काळगणनेची. सामन्याचा निवाडा करणारा दूरचा संगणक, ज्यास सर्व्हर म्हणतात, तो जुन्या खेळांत कर्त्यांच्या स्वतःच्या सामन्यांपुरता सेकंदास ६४ ठोके मोजी, आणि दोन ठोक्यांच्या मध्यें झाडलेली गोळी पुढील ठोक्यावर धरी. नव्या खेळांत गोळी झाडल्याचा नेमका क्षणच त्यास कळविला जातो. कल्पना उत्तम! तथापि आडोशामागें पोहोंचल्यावरहि गोळी लागल्याची तक्रार जगभरच्या खेळाडूंनीं केली. कारण असें कीं, आपण आडोशास गेलों ही बातमी शत्रूच्या पडद्यावर कांहींशी उशिरां पोहोंचते, आणि सर्व्हर नेम धरणाऱ्यास जें दिसलें तें प्रमाण मानतो. क्षण कितीहि सूक्ष्म मोजला तरी हा विलंब उरतोच.

न्यायास धरून हेंहि सांगितलें पाहिजे कीं नव्या खेळांतील धूर अप्रतिम आहे. तो खोलीच्या आकाराप्रमाणें पसरतो, व त्यांत हातगोळा फुटला तर क्षणभर भोंक पडून पलीकडचें दिसतें. आरंभीं गाळलेल्या कांहीं गोष्टीहि परत आल्या: ‘आर्म्स रेस’ हा प्रकार फेब्रुवारी २०२४ मध्यें, डाव्या हातीं शस्त्र धरण्याची सोय एप्रिलांत, ‘ट्रेन’ हें मैदान नोव्हेंबरांत. जुन्या खेळांतील १६७ पराक्रमचिन्हांच्या जागीं मात्र एकच चिन्ह उरलें. आमच्यांतील एकानें तीं बहुतेक सर्व मिळविलीं होतीं. त्याचें सांत्वन कसें करावें हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं.

परंतु या सर्वांहून मोठें दुःख निराळेंच. जुन्या खेळास दोन जी. बी. स्मृति व १५ जी. बी. जागा पुरत असे. नव्यास आठ जी. बी. स्मृति व ८५ जी. बी. जागा लागते, आणि ३२ बिटांचे जुने संगणक व मॅक यांस तर त्यानें दारच बंद केलें. मोठ्या शहरांतील हौशी मनुष्य नवें यंत्र घेईल. आमच्याकडे थोरल्या भावाच्या शिक्षणासाठीं घेतलेला संगणकच धाकट्याच्या वांट्यास येतो. जुनी आवृत्ति आडवाटेनें उतरवून घेतां येत असे. पण १ जानेवारी २०२४ पासून कर्त्यांनीं तिची देखभाल सोडली, आणि त्यांच्या जुळणींतून प्रतिपक्ष मिळणें तर आधींच बंद झालें होतें.

आमच्या पांचांपैकीं जो सर्वांत चांगला नेमबाज, त्याचें यंत्र चार जी. बी. चें आहे. रविवारीं तो आमच्यापैकीं कोणाच्या तरी घरीं येतो, खुर्चीमागें उभा राहून सामना पाहतो, आणि धूर मात्र छान झाला आहे, असें म्हणतो.