ख्रिस्ती कीर्तन
बायबलमधील कथा पदे, अभंग, साक्या, दिंड्या यांची जोड देऊन सांगण्याचा मराठी कीर्तनप्रकार. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील कृष्णराव सांगळे यांनी १८६२ च्या सुमारास त्याचा पाया घातला. पुढे नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या रचनांनी त्यास वाङ्मयीन रूप आले. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) याही कीर्तने करीत.

पूर्वरंगात बायबलमधील एखाद्या वचनाचे विवरण करतात. उत्तररंगात आख्यान सांगतात. आख्यान बसविताना शब्दशः पाठांतरापेक्षा प्रसंगांचा क्रम पक्का करणे अधिक महत्त्वाचे असते. उदा., उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात मालमत्तेची वाटणी, दुष्काळ, डुकरे राखणे, घरी परतणे व थोरल्या भावाचा रोष हे टप्पे चुकवून चालत नाही. पद भावनेच्या उत्कर्षस्थानी योजतात. टाळ-मृदंगाच्या साथीने त्याचा सराव करतात.

खानदेशात विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे कार्य होते. जळगाव व धुळे जिल्ह्यांत अहिराणी, तर १९९८ पर्यंत धुळ्यात मोडणाऱ्या नंदुरबार भागात मावची, पावरी इ. बोली प्रचलित आहेत. अशा श्रोतृवर्गापुढे प्रमाण मराठीतील पदाचा अर्थ बोलीत उलगडून सांगावा लागतो. शेती, मजुरी, सावकारी यांचे परिचित दाखले कथा जवळची करतात. तथापि मुळात नसलेली घटना वा वचन तीत मिसळणे हा गंभीर दोष होय. ज्यास ग्रंथ वाचता येत नाही, त्यास ऐकलेले पडताळता येत नाही. त्याच्या दृष्टीने कीर्तनकाराचे शब्द हाच ग्रंथ ठरतो.

[→ कीर्तन, टिळक, नारायण वामन].