चूर्णातील छुपे स्टेरॉईड : व्याप्ती, विकृती आणि वैद्याचे कर्तव्य

आमवाताचा जुना रुग्ण एके दिवशी येऊन सांगतो की, अमुक ठिकाणच्या पुडीने दोन दिवसांत सांधे मोकळे झाले, भूक वाढली, झोप लागली. तीन-चार महिन्यांनी तोच रुग्ण पुन्हा येतो, तेव्हा त्याचा चेहरा गोल झालेला असतो, पोट सुटलेले असते, हातपाय मात्र कृश असतात आणि जिना चढताना मांड्यांत बळ नसते. पुडी आयुर्वेदिक म्हणून दिलेली असते. त्यात वनस्पतींचे चूर्ण असतेही. परंतु गुण आलेला असतो तो त्यात मिसळलेल्या डेक्सामेथासोन अथवा प्रेडनिसोलोनमुळे. व्यवसायात असलेल्या बहुतेक वैद्यांना हे चित्र परिचित आहे. त्याविषयी आपसांत बोलले जाते, लिहिले मात्र क्वचितच जाते. म्हणून उपलब्ध संशोधनाच्या आधारे या विषयाची मांडणी येथे करीत आहोत.

स्टेरॉईड हे मुळात निंद्य औषध नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातसदृश संधिशोथाने जखडलेल्या एका तरुण स्त्रीस कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांतच चालू लागली. या कार्याबद्दल हेंच, केंडाल व राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. दीर्घकालीन वापराचे दुष्परिणामही त्याच सुमारास दिसू लागले होते. अलीकडचे उदाहरण कोविडचे. २०२० मधील ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मि.ग्रॅ. डेक्सामेथासोन जास्तीत जास्त १० दिवस दिल्याने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र काहीही लाभ झाला नाही. पुढे २०२१ च्या लाटेत अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉईडचा अवाजवी वापर यांच्या संयोगातून म्युकरमायकोसिसचे रुग्ण महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आढळले. औषध तेच, रुग्ण, मात्रा व काल बदलले आणि परिणाम उलटला. आपल्या शास्त्रातील मात्राविचारास याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

मात्रेचाच विचार पुढे नेऊ. डेक्सामेथासोन ०.७५ मि.ग्रॅ. हे प्रेडनिसोलोन ५ मि.ग्रॅ. व हायड्रोकॉर्टिसोन २० मि.ग्रॅ. यांच्या तुल्य मानले जाते. निरोगी प्रौढाच्या अधिवृक्क ग्रंथी दिवसाकाठी साधारण १० मि.ग्रॅ. कॉर्टिसॉल निर्माण करतात. म्हणजे डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी शरीराच्या संपूर्ण दिवसाच्या निर्मितीहून अधिक भरते. आता ही अर्ध्या मिलिग्रॅमची मात्रा ३ ग्रॅमच्या पुडीत मिसळली, तर ती सहा हजारांत एक भाग होते. रंग, गंध, स्पर्श, रुची यांपैकी कशानेही ती ओळखता येणार नाही. ‘आम्ही चूर्ण पाहून पारखतो’ असे सांगणाऱ्या व्यावसायिकांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

भेसळीची व्याप्ती किती? दिल्लीतील संशोधकांनी पर्यायी चिकित्सापद्धतींच्या नावाखाली रुग्णांना दिल्या जाणाऱ्या शंभरहून अधिक औषधांचे नमुने तपासले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत स्टेरॉईड आढळले. हे नमुने संशयावरून गोळा केलेले असल्यास बाजारातील प्रत्येक तिसरी पुडी दूषित आहे असा अर्थ त्यातून निघत नाही; पण प्रश्न किरकोळ नाही एवढे निश्चित ठरते. हा केवळ आपल्याच देशाचा किंवा आपल्याच शास्त्राचा दोष नव्हे. तैवानमध्ये आठ रुग्णालयांतून जमा केलेल्या पारंपरिक चिनी औषधांच्या २६०९ नमुन्यांपैकी २३.७ टक्के नमुन्यांत आधुनिक रसायने सापडली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक नमुन्यांत एकापेक्षा जास्त रसायने होती, असे १९९७ च्या अहवालात नमूद आहे. जेथे रुग्णाला पारंपरिक औषधाविषयी श्रद्धा आहे आणि त्वरित गुणाची अपेक्षाही आहे, तेथे ही भेसळ फोफावते.

‘थोडेच असते, थोडेच दिवस देतो’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. त्यास संशोधनाचा आधार नाही. ब्रिटनमधील सुमारे २ लाख ४४ हजार रुग्णांच्या नोंदींवरील २००० सालच्या अभ्यासात, रोज २.५ मि.ग्रॅ. पेक्षा कमी प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांतही कशेरुकाभंगाचे प्रमाण दीडपट होते, ७.५ मि.ग्रॅ. वा अधिक घेणाऱ्यांत ते पाचपटीहून जास्त होते. अल्पकाळाविषयी २०१७ चा अमेरिकी अभ्यास पाहावा. सुमारे साडेपंधरा लाख प्रौढांपैकी २१ टक्के व्यक्तींना तीन वर्षांत किमान एकदा अल्पमुदतीचे स्टेरॉईड मिळाले होते. औषध सुरू झाल्यापासूनच्या ३० दिवसांत त्याच व्यक्तींत जंतुदोषजन्य सेप्सिसचे प्रमाण पाचपटीहून अधिक, सिरांत रक्त गोठण्याचे तिपटीहून अधिक व अस्थिभंगाचे जवळजवळ दुप्पट झाले. अशा घटना मुळात विरळ असतात, म्हणून एकट्या वैद्याच्या अनुभवास त्या येत नाहीत. मधुमेह, उच्च रक्तदाब, मोतीबिंदू, काचबिंदू, ऊर्वस्थिशिराचा नाश, सुप्त क्षयरोगाचे पुनरुज्जीवन ही नामावळी वाचकांस विदित आहेच.

यापेक्षाही घातक गोष्ट औषध बंद केल्यावर घडते. बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिल्यास पोषणिका ग्रंथीकडून अधिवृक्क ग्रंथींना होणारी प्रेरणा थांबते आणि त्या संकोचतात. साधारणतः तीन आठवड्यांहून अधिक काळ सेवन झालेल्या प्रत्येक रुग्णात ही शक्यता गृहीत धरावी. पुडी संपली, पुडी देणारा गाव सोडून गेला किंवा रुग्णाने स्वतःहून पुडी सोडली, की अरुचि, छर्दि, भ्रम, अतिदौर्बल्य, रक्तदाब व रक्तशर्करा घटणे ही लक्षणे उद्भवतात. त्यातच ज्वर, अपघात वा शस्त्रकर्म आले तर प्राणसंकट. ग्रंथी पूर्ववत होण्यास कित्येक महिने, क्वचित वर्षभरही लागते.

आपल्या व्यवसायाशी निगडित असे दोन धोके आधुनिक ग्रंथांत सहसा सापडत नाहीत. त्यांचा विचार आपणच केला पाहिजे.

पहिला शोधनाचा. स्थूल, सूजलेला, ‘सर्व औषधे करून थकलेला’ रुग्ण पंचकर्मासाठी येतो. आपण पूर्वीची सर्व औषधे बंद करतो, लंघन देतो, स्नेहपान करून वमन वा विरेचन योजतो. हा रुग्ण छुप्या स्टेरॉईडवर असेल, तर एकीकडे स्टेरॉईड एकाएकी थांबते व दुसरीकडे द्रव आणि लवण शरीराबाहेर जातात. विरेचनोत्तर ग्लानि अतियोगाची आहे की अधिवृक्कांच्या असमर्थतेची, हे त्या क्षणी ओळखणे कठीण असते. पूर्वकर्माआधी पूर्वी घेतलेल्या औषधाची चौकशी पुडीच्या रंगापर्यंत करावी, ती याकरिता.

दुसरा धोका यष्टीमधूचा. यष्टीमधूतील ग्लायसिऱ्हायझिन वृक्कातील कॉर्टिसॉल निष्क्रिय करणाऱ्या विकरास अवरोध करते. परिणामी लवण व जल साचतात, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. रुग्ण आधीच प्रेडनिसोलोनवर असेल तर हा परिणाम अधिक बळावतो. आम्लपित्तासाठी किंवा कासासाठी यष्टीमधू सहज दीर्घकाळ दिले जाते. संशयित रुग्णात ते टाळणे श्रेयस्कर.

आता निदानाविषयी. जुनाट व्याधीत २४ ते ४८ तासांत आलेला नाट्यमय उपशय, पुडी चुकल्यास त्याच वेगाने उलटणारे दुखणे, अकस्मात वाढलेली क्षुधा, पोटावर व मांड्यांवर जांभळट रुंद रेषा, किरकोळ आघाताने पडणारे काळेनिळे डाग ही लक्षणे एकत्र दिसली की शंका घ्यावी. सकाळी आठच्या सुमाराचे रक्तातील कॉर्टिसॉल मोजावे. देहलक्षणे कॉर्टिसॉल अतिरिक्त असल्याची आणि रक्तातील पातळी मात्र अत्यल्प, ही विसंगती बाह्य स्टेरॉईडची खूण होय. प्रेडनिसोलोन काही चाचण्यांत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजले जाते, त्यामुळे पातळी ठीक आली म्हणून निःशंक होऊ नये. शंका दृढ होताच पुडी त्या दिवशी तोडण्याचा आग्रह धरू नये. रुग्णास अंतःस्रावतज्ज्ञाकडे वा अनुभवी फिजिशियनकडे पाठवून ज्ञात मात्रेतील स्टेरॉईड सुरू करावे आणि क्रमाक्रमाने उतरवावे. या काळात आपली शमन चिकित्सा सोबत चालू शकते.

त्वचेवरील वापराविषयी थोडक्यात. देशभरातील १२ केंद्रांनी चेहऱ्याच्या त्वग्विकारांचे २९२६ रुग्ण तपासले. त्यांपैकी ४३३, म्हणजे १४.८ टक्के, स्टेरॉईड मलम लावीत होते आणि निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरेतरांनी सुचविले होते, असा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१८ साली केंद्र शासनाने अनेक स्टेरॉईड मलमे अनुसूची ‘एच’मध्ये समाविष्ट केली. दद्रूच्या रुग्णास वनस्पतिज लेप देण्यापूर्वी त्याने आधी काय लावले, हे ट्यूब मागवून पाहावे.

फार्मसीधारकांकडून एक समर्थन ऐकू येते : ‘गुग्गुळ, अश्वगंधा यांत नैसर्गिक स्टेरॉईड असतातच, तेच अहवालात येतात.’ यात शब्दाचा घोटाळा आहे. गुग्गुलस्टेरोन किंवा विथॅनोलाइड यांची रासायनिक चौकट स्टेरॉईडची आहे हे खरे. तशी ती कोलेस्टेरॉलचीही आहे. डेक्सामेथासोनच्या रेणूत फ्लोरिनचा अणू कृत्रिमरीत्या जोडलेला असतो. तो रेणू कोणत्याही वनस्पतीत तयार होत नाही. प्रेडनिसोलोनही प्रयोगशाळेतीलच. संदर्भ नमुना सोबत ठेवून केलेल्या क्रोमॅटोग्राफीत ही द्रव्ये वेगळी ओळखता येतात. मेक्सिकोतील रानकंदापासून डायोसजेनिन काढून त्यापासून संप्रेरके बनविण्याचा उद्योग १९४० च्या दशकात उभा राहिला, त्यावरून ‘हे मूळचे वनस्पतीचेच’ असाही प्रचार होतो. कंद आणि तयार औषध यांच्यामध्ये रासायनिक प्रक्रियांची मालिका आहे, हे प्रचारक सांगत नाहीत.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार शास्त्रोक्त आयुर्वेदीय औषध म्हणजे पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत वर्णिलेल्या सूत्रांप्रमाणेच निर्मिलेले औषध. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास कलम ३३ ईईसी मध्ये सूट आहे खरी, परंतु ती आयुर्वेदीय औषधापुरती. स्टेरॉईड मिसळलेली पुडी त्या व्याख्येतच बसत नाही, मग सूट कशाची? महाराष्ट्रातील काही आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मुभा आहे. ज्यांना ती आहे त्यांनी स्टेरॉईड द्यायचेच असेल तर चिठ्ठीवर नाव व मात्रा लिहून द्यावे.

जे व्यावसायिक सुटे, नामनिर्देश नसलेले ‘वातहर’ वा ‘श्वासहर’ चूर्ण किलोवर विकत घेतात, त्यांच्यापैकी बरेच जण स्वतः फसविले गेलेले असतात. अशा मालास नकार द्यावा. दुसऱ्याकडून औषध बनवून घेणाऱ्या फार्मसींनी प्रत्येक बॅचचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन व वेदनाशामकांसाठी नाव घेऊन तपासून घ्यावा. केवळ ‘शुद्धता’ तपासा म्हटल्यास प्रयोगशाळा आर्द्रता व भस्मांश देऊन मोकळी होते. पुरवठादाराने दिलेला अहवाल पुरेसा मानू नये, कारण तपासलेला नमुना आणि पोचलेला माल एकच असेल याची हमी तो देत नाही.

रुग्णाने आणलेली संशयित पुडी फेकू नये. वेष्टनासह, तारीख घालून, मोहोरबंद ठेवावी आणि अन्न व औषध प्रशासनास कळवावे. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी देशव्यापी योजनाही कार्यरत असून तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. नोंद करताना उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक जवळ असावेत. सुट्या पुडीवर ते नसतात, म्हणून ती कोठून, कोणत्या दिवशी व किती रुपयांस घेतली हे रुग्णाच्या केसपेपरवर त्याच्यासमोरच लिहून ठेवावे.