काँक्रीटमधील मळसूत्र

उस्मानपुऱ्यांतील कोणत्याही घरांत शिरून पाहावें, तर भिंतीवर कांहीं ना कांहीं जखडलेलें आढळेल. कोठें पुस्तकांची फळी असते, कोठें पाण्याची टांकी, कोठें जिन्याचा कठडा वृद्धांच्या हाताला आधार देत असतो. ह्या वस्तू कशाच्या बळावर टिकून आहेत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. जी वस्तु पडत नाहीं तिची आठवण मनुष्याला होत नाहीं. परंतु ती जड फळी ज्या मुलाच्या अंथरुणाच्या वर आहे, त्यानें व त्याच्या वडील माणसांनीं तरी हा विचार एकदां करावा, एवढ्यासाठीं आम्ही हा लेख लिहीत आहों.

लांकडांत स्क्रू फिरविला म्हणजे लांकडाचे तंतु बाजूस सरतात व त्यास घट्ट धरून ठेवतात. काँक्रीटला तंतु नाहींत. सिमेंट, वाळू व खडी यांचा तो कृत्रिम दगड होय. आणि आमच्या भागांतील खडी तर दख्खनच्या काळ्या, कठीण बसाल्टाची. हा दगड दाब फार सोसतो. परंतु ताण सोसण्याची त्याची शक्ति दाबाच्या मानानें सुमारें दशांशच असते. भिंतीवरील ओझें तर स्क्रूला बाहेर ओढीत असतें, म्हणजे काँक्रीटच्या दुर्बळ बाजूवरच त्याचा भार पडतो.

ह्या अडचणीवर माणसानें नाना उपाय केले. भिंतींत लांकडाची गिट्टी ठोकून तींत स्क्रू फिरविणें ही आपल्याकडील जुनी रीत. पण लांकूड वाळलें कीं आकसतें व गिट्टी सैल होते. इंग्लंडांत जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनीं १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्यांची नळी काढली. त्यावरूनच ‘रावळप्लग’ हा शब्द आपल्या वायरमनांच्या तोंडीं बसला. पुढें १९५८ सालीं जर्मनींतील आर्टुर फिशर यांनीं नायलॉनचा प्लग तयार केला. स्क्रू आंत शिरतांच हे प्लग फुगतात व भोकाच्या कडांवर दाब देऊन घर्षणानें टिकून राहतात.

काँक्रीटच्या मळसूत्राची तऱ्हा निराळी आहे. त्याला प्लग लागत नाहीं. पाणी देऊन कठीण केलेल्या पोलादाचे त्याचे आटे भोकाच्या कडांत स्वतःची वाट कोरीत जातात. उदाहरणार्थ, ६ मिलिमीटरच्या भोकांत साडेसात मिलिमीटर बाहेरील व्यासाचें मळसूत्र बसतें. म्हणजे प्रत्येक बाजूस पाऊण मिलिमीटर आटा दगडांत रुततो. एवढ्याशा रुतण्यावर सारा भार असतो, म्हणून येथें हयगय खपत नाहीं.

आतां थोडें गणित पाहूं. ओढ असह्य झाली म्हणजे बहुधा पोलाद तुटत नाहीं. मळसूत्राभोंवतीं काँक्रीटचाच शंकूच्या आकाराचा ढलपा निघून येतो. ह्या ढलप्याचें बळ खोलीवर अवलंबून असतें. खोलीच्या आंकड्यास त्याच्या वर्गमुळानें गुणिलें असतां जें प्रमाण येतें, त्या प्रमाणांत हें बळ वाढतें. खोली दुप्पट केली तर बळ दुप्पट न होतां सुमारें २.८ पट होतें. समजा, ७५ मिलिमीटर लांबीच्या स्क्रूनें १० मिलिमीटर जाडीची पट्टी बसवावयाची आहे व भिंतीस १५ मिलिमीटर गिलावा आहे. गिलाव्याचें बळ जमेस धरावयाचें नाहीं. तेव्हां काँक्रीटांत ५० मिलिमीटर शिरले. त्याच जागीं कोणी ५० मिलिमीटरचा स्क्रू वापरला, तर काँक्रीटांत २५ च शिरतील. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतील. परंतु दुसऱ्याचें जवळजवळ दोन तृतीयांश बळ गेलेलें असेल! उस्मानपुऱ्यांत १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्यास विचारल्यास तो हें गणित अधिक विस्तारानें समजावून देईल.

भोंक पाडतांना पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, भुकटीचा रंग पाहावा. ती लाल आली तर आंत वीट आहे. तेथें हें मळसूत्र सोडून विटेस योग्य असें साधन घ्यावें. दुसरी, स्क्रू जेवढा शिरावयाचा त्याहून भोंक सुमारें १० मिलिमीटर अधिक खोल असावें, व आंतील भुकटी ब्रशानें आणि फुंकणीनें काढून टाकावी. नाहीं तर स्क्रू मध्येंच अडून बसतो. तिसरी, खोलीच्या निदान दीडपट अंतर कांठापासून आणि तिप्पट अंतर दोन स्क्रूंमध्यें असावें. कारण जवळजवळच्या दोन स्क्रूंचे शंकु एकमेकांत शिरतात व दोघांचेंही बळ घटतें. चौथी, सळई लागली तर तेथेंच थांबावें व दूर नवें भोंक घ्यावें. सळई हा इमारतीचा कणा आहे. पांचवी, एकदां काढलेला स्क्रू पुन्हा महत्त्वाच्या जागीं वापरूं नये, कारण पहिल्या खेपेसच त्याचे आटे झिजतात.

ही काळजी अनाठायीं वाटत असेल, तर जपानमधील सासागो बोगद्याची हकीकत आठवावी. १९७७ सालीं खुल्या झालेल्या ह्या बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे तक्ते टांगण्यासाठीं वर जे बोल्ट होते, ते राळेनें भोकांत चिकटविलेले होते. २ डिसेंबर २०१२ रोजीं ते निसटले, तक्ते मोटारींवर कोसळले व नऊ माणसें प्राणास मुकलीं. तेथील साधन मळसूत्राहून भिन्न होतें. परंतु भोकाच्या आंत काय झालें आहे हें बाहेरून दिसत नाहीं, ही गोष्ट दोहोंसही सारखीच लागू आहे.

वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आपण शाळेंत ऐकतों. पाऊस येईपर्यंत त्याचें घर शेजाऱ्याच्या घरासारखेंच दिसत होतें. भिंतींतील मळसूत्राचेंही तसेंच आहे. कारागीर भोंक साफ करीत असतां जो वेळ लागतो, तो फुकट गेला असें पालकांनीं समजूं नये; आणि जें काम कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं तेंच अधिक चोख करावें, ही संवय मुलांनीं आतांपासून लावून घ्यावी. त्या फळीखालीं आपलेंच एखादें भावंड निजलेलें असेल.