परदेशात धंदा, दोन देशांत मालमत्ता: लहान मुलांच्या आईवडिलांनी आधी हे कागद करावेत



धंदा सुरू करताना आपण नाव ठरवतो, लोगो करून घेतो, बँकेत खातं उघडतो, लायसन्स काढतो. एक प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. उद्या आपण नसलो तर सोमवारी सकाळी शटर कोण उघडणार? परदेशात राहत असाल आणि घरात लहान मुलं असतील, तर त्याहून मोठा प्रश्न आहे: त्या रात्री मुलं कुणाच्या घरी झोपणार?

आपल्याकडे अशा वेळी काका, मामा, शेजारी धावून येतात. परदेशात माणसं मदतीला येतातच, पण त्यांच्या हातात कागद नसेल तर शाळा, बँक आणि कोर्ट त्यांचं ऐकत नाही. म्हणून आज कागदांबद्दल बोलू. विषय जड वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक मराठी जोडपं अमेरिकेत न्यू जर्सीत राहतं. ती भाड्याच्या किचनमधून टिफिन आणि दिवाळी फराळाचा व्यवसाय करते, तो नोकरी करतो. मुलं दोन, १० आणि ६ वर्षांची. पुण्यात त्याच्या नावावर फ्लॅट आहे, गावाकडे थोडी जमीन आहे, आई गावीच असते. आता बघा, एवढ्याशा संसारात किती गाठी आहेत.

१. मुलांचा पालक कोण?

दोघांनाही एकाच वेळी काही झालं, तर मुलांचा ताबा कुणाकडे द्यायचा हे कोर्ट ठरवतं. तुम्ही मृत्युपत्रात पालकाचं नाव लिहिलं असेल, तर कोर्ट ते विचारात घेतं. काहीच लिहिलं नसेल, तर तुमच्या मनात कोण होतं हे न्यायाधीशांना कळणार कसं?

बरेच जण पुण्यातल्या भावाचं किंवा आजीआजोबांचं नाव लिहून मोकळे होतात. भावना बरोबर आहे, पण व्हिसा, तिकीट, कोर्टाची तारीख यात दिवस जातात. तोपर्यंत काय? म्हणून दोन नावं ठरवा. एक कायमचा पालक आणि एक जवळ राहणारा तात्पुरता पालक, जो तासाभरात दारात उभा राहील. दोघांनाही आधी विचारा. मुलं अमेरिकन नागरिक असतील तर त्यांचे पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड तयार ठेवा. त्याशिवाय किंवा व्हिसाशिवाय ती भारतात येऊ शकणार नाहीत.

२. धंद्याची किल्ली कुणाकडे?

धंदा एकट्याच्या नावावर असेल, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि धंदा एकच. तुम्ही गेलात की खातं थांबतं. किचनचं भाडं, मदतनीस बायकांचा पगार, आगाऊ पैसे दिलेल्या ग्राहकांचे डबे, सगळं अडकतं.

मृत्युपत्र आहे म्हणून लगेच सुटका होत नाही. न्यू जर्सीत हे काम काउंटीचं सरोगेट कार्यालय बघतं, आणि मृत्यूनंतर १० दिवस पूर्ण होईपर्यंत ते मृत्युपत्र मंजूर करत नाही. टिफिनच्या धंद्यात १० दिवस म्हणजे निम्मे ग्राहक दुसरीकडे!

उपाय अवघड नाही. एलएलसी असेल तर तिच्या ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून ठेवा, की माझ्यानंतर किंवा मी आजारी असताना कारभार कोण बघेल आणि माझा हिस्सा कुणाला जाईल. इंटरनेटवरून फुकट उतरवलेल्या नमुन्यात हे कलम बऱ्याचदा नसतं. कंपनीच्या खात्यावर सही करू शकणारी दुसरी विश्वासू व्यक्ती आत्ताच नेमा. आणि धंदा पुढे चालवायचा, विकायचा की बंद करायचा, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

३. नॉमिनी: शब्द एक, अर्थ दोन

इथे आपली माणसं हमखास फसतात. अमेरिकेत आयुर्विम्यावर तुम्ही लाभार्थी म्हणून ज्याचं नाव लिहिता, पैसे सहसा थेट त्यालाच मिळतात. मृत्युपत्रात वेगळं लिहिलं असलं तरी विम्यावरचं नाव चालतं. लग्नाआधी भावाचं नाव टाकलं असेल आणि ते बदललं नसेल, तर आजच तपासा.

भारतात बहुतेक ठिकाणी उलटं आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने मालमत्ता ताब्यात घेणारा. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. पुण्याच्या सोसायटीत बायकोचं नाव नॉमिनी म्हणून लावलंय, झालं काम, असं समजू नका.

लाभार्थी म्हणून लहान मुलांची नावंही थेट लिहू नका. विमा कंपनी अज्ञान मुलाच्या हातात रक्कम देत नाही. ट्रस्ट केलात तर पैसे कोण सांभाळेल आणि मुलाला कितव्या वर्षी मिळतील, हे तुम्हीच ठरवू शकता.

४. मुखत्यारपत्र कधी संपतं?

“भावाला मुखत्यारपत्र दिलंय, तो बघेल सगळं.” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. मुखत्यारपत्र देणारा गेला, की ते तिथेच संपतं. म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हा ते कागद म्हणून फाइलमध्ये राहतं.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. अमेरिकेत ड्युरेबल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी केली, तर तुम्ही बेशुद्ध असताना किंवा मानसिक भान नसतानाही ती चालते. भारतात करार कायद्यानुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली, की अधिकार संपतो. म्हणून अमेरिकेतल्या कामांसाठी ड्युरेबल कागद करा. उपचाराचे निर्णय कोण घेईल, याचा वेगळा कागद करा.

भारतातल्या कामासाठी मुखत्यारपत्र परदेशात करत असाल, तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करा किंवा नोटरी करून त्यावर अ‍ॅपोस्टिल घ्या. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्या. “भावाकडे पडून आहे” असं करू नका.

५. दोन देश, दोन मृत्युपत्रं

उदाहरणातला नवरा भारतातल्या मालमत्तेचं मृत्युपत्र न करता गेला, असं धरा. फ्लॅट त्याच्या स्वतःच्या कमाईचा आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार त्याचे चार समान हिस्से होतील: बायको, दोन मुलं आणि आई. ऐकायला न्याय्य वाटतं. पण पैशांची गरज पडली आणि फ्लॅट विकायचा झाला, तर अज्ञान मुलांच्या हिश्शासाठी आईलाही कोर्टाची परवानगी लागते. परक्या देशात एकटीने मुलं आणि धंदा सांभाळणाऱ्या बाईला पुण्याच्या कोर्टात खेटे घालायला लावायचे का?

मृत्युपत्र करायला तसं सोपं आहे. भारतीय कायद्यात तुमची सही आणि दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार असे निवडा, ज्यांना त्यातून काहीच मिळणार नाही.

भारतातल्या मालमत्तेसाठी एक आणि अमेरिकेतल्या मालमत्तेसाठी एक, अशी दोन वेगळी मृत्युपत्रं केली तर दोन्हीकडे काम लवकर होतं. पण एक धोका आहे. तयार मसुद्यात बहुधा “याआधीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे” असं वाक्य असतं. अमेरिकेत नंतर केलेल्या मृत्युपत्रात ते जसंच्या तसं राहिलं, तर तुमचं पुण्याचं मृत्युपत्रही रद्द होऊ शकतं! म्हणून कोणतं मृत्युपत्र कोणत्या देशातल्या मालमत्तेसाठी आहे, हे दोन्हींत लिहा आणि दोन्ही वकिलांना एकमेकांचा मसुदा दाखवा.

६. टॅक्सचे दोन आकडे

अमेरिकेत कायम वास्तव्य मानलं जाणाऱ्या व्यक्तीसाठी केंद्रीय इस्टेट टॅक्सची सूट २०२६ मध्ये १ कोटी ५० लाख डॉलर आहे. कायम वास्तव्य नसेल आणि नागरिकत्वही नसेल, तर तिथल्या मालमत्तेवर ती फक्त ६०,००० डॉलर. व्हिसावर असाल तर तुम्ही कुठल्या गटात बसता, हे जाणकाराला विचाराच. शिवाय जोडीदार अमेरिकन नागरिक नसेल, तर पतीपत्नीमधली अमर्याद सवलत थेट मिळत नाही, त्यासाठी खास ट्रस्ट लागतो.

७. एक फाइल, तीन माणसं

दोन्ही देशांतली खाती, विमा, कर्ज, धंद्याचे करार, सातबारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, वकील आणि सीए यांचे नंबर, सगळ्याची एक यादी करा. भारतीय बँकेचा ओटीपी कुठल्या नंबरवर येतो तेही लिहा, आणि ते सिम चालू ठेवा. अमेरिकेतला मृत्यूचा दाखला भारतात वापरायचा तर त्यावर अ‍ॅपोस्टिल लागतं, तीही सूचना फाइलमध्ये असू द्या. मूळ मृत्युपत्रं कुठे ठेवली आहेत, हे तीन माणसांना माहीत हवं: जोडीदार, मुलांचा पालक आणि धंदा सांभाळणारा.

दुबई, लंडन, सिडनी, तुम्ही जिथे असाल तिथले नियम वेगळे असतील. प्रश्न मात्र हेच तीन: मुलं कुणाकडे, धंदा कुणाकडे, मालमत्ता कुणाकडे?

या रविवारी चहा घेताना जोडीदारासोबत बसा आणि तीन प्रश्नांपुढे तीन नावं लिहा. त्या माणसांना फोन करून “चालेल ना?” असं विचारा. मग ती चिठ्ठी घेऊन वकिलाकडे जा. वकील मसुदा करून देईल, पण नावं तुम्हालाच ठरवायची आहेत.