स्वस्त विंच बसवताना…

पावसाळ्यात सह्याद्रीच्या कच्च्या वाटांवर, भातखाचरांच्या बांधालगत किंवा ओढ्याच्या काठी अडकलेली जीप हे काही नवे दृश्य नाही. फोर व्हील ड्राइव्ह असली तरी चारही चाके चिखलात फिरू लागली की गाडीचे बळ संपते. पूर्वी अशा वेळी ट्रॅक्टरची किंवा गावकऱ्यांच्या खांद्यांची वाट पाहावी लागे. आता अनेक जण गाडीच्या पुढील भागात विजेवर चालणारी विंच बसवून घेतात. तिचा उपयोग केवळ हौशी भटकंतीपुरता नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात ठिकठिकाणी झाडे रस्त्यांवर आडवी केली होती. अशा प्रसंगी रस्ता मोकळा करण्यासही हे यंत्र कामी येते.

नामांकित बनावटीच्या विंचच्या तुलनेत अगदी अल्प किमतीत मिळणाऱ्या विंचही बाजारात आहेत. त्या निरुपयोगी असतात असे नाही. मोटर, गिअर आणि ड्रम यांची मूळ रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते. काटकसर होते ती तारांची जाडी, पाणी रोखणारी रबरी वेष्टने, ग्रीस आणि विद्युत स्विच यांत. म्हणून स्वस्त विंच घेणाऱ्याने वाचलेल्या पैशांतील काही भाग बसवणीवर आणि जोडणीवर खर्च करणे शहाणपणाचे ठरते.

किती क्षमतेची घ्यावी?

सर्वसाधारण नियम असा की, सामान व माणसांसह गाडीचे जे वजन होईल त्याच्या दीडपट ओढण्याची क्षमता विंचमध्ये असावी. भरलेली गाडी २,२०० किलोची असेल तर ३,३०० किलो ओढू शकणारी विंच हवी. बाजारात क्षमता बहुधा पौंडात सांगतात. ९,५०० पौंड म्हणजे सुमारे ४,३०० किलो.

मात्र हा आकडा ड्रमवर दोराचा केवळ पहिला थर असतानाचा असतो. दोराचे थर वाढले की ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. चौथ्या थरावर ती एक तृतीयांशाहून अधिक घटू शकते. म्हणजे वरील उदाहरणातील ९,५०० पौंडांची विंचही दोर पुरेसा न सोडता वापरली तर अपुरी पडेल. शक्य तितका दोर सोडून दूरचा आधार निवडणे किंवा कप्पी लावून दोर दुहेरी करणे, हे त्यावरचे उपाय होत. कप्पीमुळे ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा होतो आणि मोटरवरील ताण हलका होतो.

पाया भक्कम हवा

विंच बंपरवर नव्हे, चॅसिसवर बसते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. कंपनीचा प्लास्टिकचा किंवा पातळ पत्र्याचा बंपर हा भार सोसू शकत नाही. चॅसिसच्या दोन्ही दांड्यांना घट्ट बोल्ट केलेली पोलादी प्लेट किंवा विंचसाठीच तयार केलेला पोलादी बंपर आवश्यक आहे. ८,००० ते १२,००० पौंडांच्या बहुतेक विंचचे चार बोल्ट २५४ मिलिमीटर बाय ११४.३ मिलिमीटर अशा आयतात असतात. त्यामुळे तयार प्लेट शोधणे अवघड जात नाही. बोल्ट ८.८ दर्जाचे असावेत आणि त्यांची लांबी माहितीपत्रकातील असावी. आखूड बोल्टला पुरेसे आटे मिळत नाहीत. फार लांब बोल्ट तळाला टेकतो व घट्ट झाल्याचा केवळ भास होतो.

विंच व तिची प्लेट यांचे वजन पुढील स्प्रिंगांवर येते. पोलादी तारदोरासह विंचच ३५ ते ४० किलोची असते. कृत्रिम धाग्याचा दोर घेतल्यास त्यातील काही किलो कमी होतात. पोलादी दोरासाठी रोलरचे मुख, तर धाग्याच्या दोरासाठी गुळगुळीत ॲल्युमिनियमचे मुख वापरावे. पोलादी दोराने ओरखडलेल्या रोलरवरून धाग्याचा दोर नेल्यास तो कातरला जातो.

गाडीत एअरबॅग असतील तर पुढील सेन्सरच्या कार्यात अडथळा येणार नाही आणि रेडिएटरकडे जाणारी हवा अडणार नाही, याची खात्री करून घ्यावी. कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बुलबारविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ व विमा कंपनीकडे चौकशी करणे इष्ट.

तारांचे गणित

पूर्ण भाराखाली अशी मोटर ४०० अँपियरच्या आसपास वीज घेते. घरातील कोणतेही उपकरण इतका प्रवाह घेत नाही. येथे तारेची जाडी निर्णायक ठरते. बॅटरीपासून विंचपर्यंत जाणारी व परतणारी तार मिळून चार मीटर लांबीची आहे असे धरू. ती ३५ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल तर ४०० अँपियरला सुमारे ०.८ व्होल्ट तारेतच खर्च होतात. १६ चौरस मिलिमीटरची असेल तर १.७५ व्होल्ट वाया जातात आणि तारेत ७०० वॉट उष्णता निर्माण होते. म्हणजे जणू एक इस्त्रीच बॉनेटखाली सुरू राहते. स्वस्त विंचसोबत आलेली तार वरून जाड दिसली तरी आतले तांबे किती आहे ते तपासावे आणि शंका असल्यास तार बदलावी. तारेच्या टोकाचे लग हायड्रॉलिक पकडीने दाबून बसवावेत. केवळ डाग दिलेला सांधा तापला की सुटू शकतो.

जोडणीचा क्रम

काम सुरू करताना बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी. नेहमीच्या रचनेत मोटरवर ‘ए’, ‘एफ १’ आणि ‘एफ २’ अशी तीन टोके असतात व अर्थिंगसाठी एक वेगळा बोल्ट असतो. नियंत्रण पेटीतून निघणाऱ्या तीन जाड तारा त्याच खुणांच्या टोकांना जोडाव्यात. बॅटरीची धन तार पेटीकडे जाते, तर ऋण तार थेट मोटरच्या अर्थिंग बोल्टवर येते. पेटीतून निघणारी बारीक काळी तारही अर्थिंगलाच जोडायची असते. काही नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. तेथे ऋण तार कोठे जोडावी, हे गाडीच्या अधिकृत सेवा केंद्रातून जाणून घ्यावे.

मोटरच्या टोकावरील वरचा नट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा. बोल्ट फिरला तर मोटरच्या आतील जोड तुटतो. तारा धारदार पत्र्यापासून, सायलेन्सरपासून आणि स्टिअरिंगच्या हलत्या भागांपासून दूर न्याव्यात, जाड नळीत घालाव्यात व ठिकठिकाणी बांधाव्यात. नियंत्रण पेटी विंचच्या डोक्यावर उघडी ठेवण्यापेक्षा बॉनेटखाली उंच जागी बसवल्यास पावसाचे पाणी व चिखल यांपासून ती वाचते. मात्र त्यासाठी तीन जाड तारा लांबवाव्या लागतात, हेही हिशेबात धरावे.

सर्वांत महत्त्वाचा स्विच

स्वस्त विंचसोबत बहुधा न मिळणारी, पण कधीही टाळू नये अशी वस्तू म्हणजे बॅटरी तोडणारा मुख्य स्विच. त्याची कारणे दोन. पहिले कारण असे की, धन तारेवर सहसा फ्यूज नसतो. अपघातात किंवा सततच्या घर्षणाने ती तार चॅसिसला टेकली तर शेकडो अँपियर वाहू लागतात आणि गाडी पेट घेऊ शकते. स्विच बंद असेल तर त्याच्या पुढच्या तारेत वीजच नसते. म्हणून तो बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवावा.

दुसरे कारण अधिक भयावह आहे. बॅटरी उतरत आली की नियंत्रण पेटीतील सोलेनॉइड थरथरू लागतात, त्यांच्यात ठिणग्या उडतात आणि संपर्कबिंदू एकमेकांना चिकटून बसतात. मग रिमोटचे बटण सोडले तरी विंच थांबत नाही. ती दोर ओढतच राहते. दोर तुटेपर्यंत किंवा कोणाचा हात मुखात सापडेपर्यंत थांबण्याचे दुसरे साधन नसते. म्हणून हा स्विच हाताला चटकन सापडेल अशा जागी हवा आणि गाडीसोबतच्या प्रत्येकाला तो ठाऊक हवा.

पहिली चाचणी

दोर ड्रमच्या खालच्या बाजूने बाहेर पडला पाहिजे. तो उलटा गुंडाळला गेला तर विंचमधील ब्रेक भार धरत नाही. भार नसताना बटण दाबून दिशा तपासावी. दोर आत घेण्याचे बटण दाबल्यावर तो बाहेर येऊ लागला तर ‘एफ १’ आणि ‘एफ २’ यांच्या तारांची अदलाबदल करावी. त्यानंतर सौम्य चढावर दोर सोडून, गाडी स्वतःच्या वजनाने हलका ताण देईल अशा बेताने, तो ओळीने गुंडाळावा. पोलादी दोराचे किमान पाच आणि धाग्याच्या दोराचे आठ ते दहा वेढे ड्रमवर नेहमी शिल्लक ठेवावेत. दोराचे टोक पकडणारा स्क्रू भार पेलण्यासाठी नसतो. भार पेलते ते वेढ्यांचे घर्षण.

वापरताना इंजिन चालू ठेवावे. पण अल्टरनेटर ही गरज पुरी करू शकत नाही. एका मिनिटाच्या जड ओढीत सहा ते सात अँपियर-तास खर्च होतात, म्हणजे ६० अँपियर-तासांच्या बॅटरीचा दहावा भाग. म्हणून थोडे ओढावे, थांबावे, मोटर निवू द्यावी. ताणलेल्या दोरावर जाड घोंगडी टाकावी, जाड हातमोजे घालावेत आणि दोराच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये. आधारासाठी झाड निवडल्यास रुंद पट्टा वापरावा, म्हणजे झाडाची सालही वाचते. दोर स्वतःभोवती गुंडाळून त्याच दोरात हूक अडकवू नये.

पहिल्या वापरानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत. पावसाळा संपताच विंच उघडून आत पाणी शिरले आहे का ते पाहावे आणि ग्रीस बदलावे. वर्षभर न वापरलेली विंच नेमकी अडचणीच्या क्षणी गंजलेली निघते. महिन्यातून एकदा दोर सोडून परत गुंडाळण्याची सवय ठेवली, तर तसा प्रसंग ओढवण्याची शक्यता बरीच कमी होते.